परसातल्या खड्ड्यातलं दूध

बाळंतपणानंतर गजराची कावीळ उतरेना, तसं नवऱ्यानं, गोरोबानं, तिला मुंबईच्या दवाखान्यात नेलं. तिथं तिच्या शिरेत लाल रंगाचं औषध टोचलं आणि पोटावर यंत्र धरून यकृत तपासलं. दोष किरकोळ निघाला. पण निघताना डॉक्टरीणबाईंनी बजावलं, या रंगाच्या कणाकणाला आयोडीन जोडलेलं आहे, तेही किरणं सोडणारं. रंग यकृतातून निघून जाईल. पण जोड सुटलेलं थोडं आयोडीन दुधात उतरेल आणि बाळाच्या गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसेल. ते दर आठ दिवसांनी निम्मं होतं. म्हणून दोन महिने पाजायचं नाही, आणि दूध आटू नये म्हणून पिळून टाकत राहायचं.

गावी, येरमाळ्याला परतल्यावर शेजारच्या गुलबानोनं कुणी न सांगता गजराच्या लेकीला पदराखाली घेतलं. तिचा धाकटा अजून अंगावर पीत होता. गजरा परसातल्या खड्ड्यात दूध पिळायची, वर माती लोटायची. भिंतीपलीकडून लेकीची चुटचुट ऐकू आली की ते आपसूक झरू लागायचं.

अशात गुलबानोच्या थोरल्याचे, फकरुद्दीनचे, डोळे आले. पोराच्या डोळ्यांत लेकीच्या आईचं दूध घालायचं, ही गावची रीत. सकाळीच ती वाटी घेऊन आली. गजराची सासू तुळजाबाई म्हणाल्या, त्यात मागायचं काय, आत्ता देतीय.

गजरानं वाटी पालथी घातली. "भाबी, न्हाय द्यायचं मला."

तुळजाबाई शरमून गेल्या. जी आपली नात जगवतीय, तिला चार थेंब नाहीत? रोज डोक्यावरून न्हातीस, त्या औषधाचं अजून काय उरलंय अंगात, असं त्या पुटपुटत राहिल्या.

गुलबानो रुसली तर दुपारी लेक उपाशी, हे गजराला कळत होतं. तिनं ट्रंकेतून डांबराची गोळी काढली. श्रावणात ठेवलेली, आता हरभऱ्याएवढी झाली होती.

"ही आपल्या आपण झिजती. धुतली म्हणून लवकर सरत न्हाय. माज्या अंगातलं औषध तसंच हाय, भाबी. माज्या लेकीला जे देत न्हाय, ते तुमच्या पोराच्या डोळ्यात कसं घालू?"

गुलबानोनं वाटी उचलली आणि निघून गेली.

दुपार झाली. लेक रडू लागली. तुळजाबाईंनी शेळीचं दूध कोमट करून चमच्यानं पाजून पाहिलं. पोरीनं ते ओठांवरून सांडून दिलं. गजरानं तिला छातीशी धरलं, आणि चोळी भिजू लागली तशी पोर सासूच्या हातात देऊन टाकली.

तेवढ्यात गुलबानो आली, घामेजलेली.

"डोळ्यात घालायला दूध आणाया लिंबाजीच्या सुनंकडं गेलते. तिची पोर उठल्याबिगर पान्हा येईना, तवर बसावं लागलं." ती उंबऱ्यातच टेकली. "पयल्याच दिवशी सांगायचंस की. मला वाटलं, काविळीपाई पाजत न्हाईस. आण हिकडं तिला."

पोर तिच्या पदराखाली शांत झाली. तुळजाबाईंनी शेळीचं दूध झाकून ठेवलं. गजरा चोळी सावरत परसात गेली, खड्ड्यापाशी बसली.