नावाखालची ओळ

"मावशी, एवढंच म्हणायचं. ओळ होती, तू डोळ्यांनी पाहिलीस, मागाहून कुणीतरी कापली. बास." नोरीनने सिग्नलला गाडी थांबवली. "यात अवघड काय आहे?"

"अवघड कसलं आलंय," व्हेल्मा म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

व्हेल्मा क्रॅबट्रीची उभी हयात बरबँकच्या स्टुडिओत फिल्म कापण्या-जोडण्यात गेली. नोरीन तिची कुणी लागत नव्हती. ती बड लॅसिटरची मुलगी, आणि बडने अख्ख्या अमेरिकेला पोट धरून हसायला लावलं होतं. त्याची बायको लवकर गेली, म्हणून ही पोर व्हेल्माच्या टेबलाखाली कातरणांत खेळत वाढली. मावशी म्हणायला तेवढं पुरतं.

बडने स्वतःच्या खिशातून काढलेला एकमेव चित्रपट 'सासऱ्याचा शहामृग'. तो आता कुठलंही चॅनेल वाटेल तेव्हा फुकट दाखवी. त्या काळचा कायदाच तसा होता. वर्ष आणि मालकाचं नाव सांगणारी कॉपीराइटची बारीक ओळ पडद्यावर नसली, की चित्रपट गावाचा झाला. शहामृगावर ती ओळ नव्हती. "लुटलं गं मला, वितरकाने कापली," असं बड मुलीला मरेपर्यंत सांगत आला. बापाची चीज परत मिळवायची या एका हट्टापायी नोरीनने चॅनेलवर दावा लावला होता. कापणारा दुसराच कुणी निघाला असता, तर चित्रपट तिचा होता. आणि चित्रपटाच्या नावाच्या पाटीवर ती ओळ होती, अशी साक्ष द्यायला व्हेल्माशिवाय कुणी जिवंत उरलं नव्हतं.

वकिलाच्या कचेरीत तिने हात वर करून शपथ घेतली. चॅनेलचा वकील बोलायला गोड होता.

"बाई, नावाची पाटी फिल्मला तुम्हीच जोडलीत?"

"मीच."

"तिच्यावर ही ओळ होती?"

'होती' हा शब्द व्हेल्माच्या अगदी ओठांवर आला. समोर नोरीन बसली होती, तिच्याकडे बघून मान हलवत होती. या पोरीसाठी व्हेल्माने काय केलं नसतं? पण खोटं बोललं, तर बडची सगळ्यात भन्नाट करामत एका मेलेल्या वितरकाची चोरी ठरणार होती. तिला ते सोसवेना.

"पहिल्या पाटीवर होती," ती म्हणाली. "दुसरीवर नव्हती."

"दुसरी कुठली?"

मग तिला सगळंच सांगावं लागलं. विनोदी चित्रपट झाला, की आधी तो गुपचूप एखाद्या लहान गावात न्यायचा, आणि लोक कुठे हसतात ते मागे बसून बघायचं, अशी तेव्हाची रीत. शहामृग पोमोनाला नेला होता. सुरुवातीला नावाचं एकेक अक्षर घसरून धपकन खाली पडे. त्यावर हशा पिकायला हवा होता, पण कुणी हूं की चूं केलं नाही. बड रडवेला झाला. अक्षरं पडत होती आणि खालची ती ओळ जागच्या जागी ठाण मांडून होती.

"मला म्हणाला, 'लोक वाचतायत, व्हेल्मा! हसायच्या वेळी मेले वाचतायत! हाकल ती वकिलाची ओळ.' मी म्हटलं, निदान शेवटी तरी घाल. तर म्हणे, 'शेवट मला हवा तसा जमलाय, त्याला हात लावायचा नाही.' दुसऱ्या आठवड्यात नव्या पाटीवर लोक लोळून लोळून हसले."

"म्हणजे लॅसिटरसाहेबांनी स्वतःच?"

"स्वतःच. कुणी चोरली-बिरली नाही."

नोरीन उठून बाहेर गेली.

परतीच्या वाटेवर ती गाडी जोरात हाकत होती. मग एकदम म्हणाली, "बाबा माझ्याशी खोटं बोलले?"

"लाज वाटली असेल गं. तुझ्यासाठी ठेवायचं ते एका हशापायी घालवलं, हे पोटच्या पोरीला कुठल्या तोंडाने सांगणार?"

"आणि तू? इतकी वर्षं गप्प बसलीस ना? मग आज एक दिवस आणखी बसली असतीस तर काय बिघडलं असतं?"

व्हेल्माला रडू आलं. तिने रुमालाने डोळे पुसले.

घराशी गाडी थांबली. नोरीनने इंजिन बंद केलं, पण स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत.

"खरंच एवढे हसले होते?"

"छप्पर उडेल असे. तूही होतीस की तिथे. माझ्या मांडीवर झोपली होतीस. त्या आवाजाने दचकून उठलीस आणि भोकाड पसरलंस."

"मग बाबा आले धावत?"

व्हेल्माला आजच्या दिवसात दुसऱ्यांदा खोटं बोलावंसं वाटलं.

"नाही गं. त्याला ऐकूच गेलं नाही. तो लोकांकडे बघत होता."

नोरीनने हळूच मान हलवली. मग ती उतरली, पलीकडून येऊन तिने दार उघडलं आणि नेहमीसारखा मावशीचा हात धरून तिला पायऱ्या चढवून दिल्या. आत मात्र ती आली नाही.