पेरूच्या फांदीची बेचकी

सोसायटीच्या सेक्रेटरीच्या, नंदकिशोरच्या गाडीची काच फुटली तेव्हा बेचकी माझ्या हातात होती. पाहणारा एकटा धोंडिराम होता.

नवरात्राला दोन दिवस होते. धोंडिराम आमच्या बोरीवलीच्या सोसायटीत दरवर्षी दिव्यांच्या माळा लावतो. जिथे शिडी पोहोचत नाही, तिथे तो बेचकीने शिशाचा गोळा मारतो. गोळ्याला बारीक दोरा बांधलेला असतो. दोरा फांदीवरून पलीकडे गेला की त्याच्या टोकाला दिव्यांची वायर बांधून ओढायची.

बेचकी मूळची माझी. देवगडला बाबांनी पेरूची फांदी तासून केलेली. माहेरच्या आंब्याच्या कलमांवरची वानरं मी तिनेच हाकलली. लग्न होऊन परळच्या चाळीत आले तेव्हा ट्रंकेच्या तळाशी होती. दर खंडेनवमीला विळीशेजारी तिलाही हळदकुंकू लागायचं. पाच वर्षांपूर्वी ती मी धोंडिरामला दिली. त्याने नवं रबर घातलं.

त्या सकाळी मी ती जरा मागून घेतली. "काकी, आता तुमका जमाचा नाय," तो हसला. मग तर मारायलाच हवी होती. दोरा माझ्या चपलेखाली अडकलाय हे मला कळलंच नाही. गोळा हवेत हिसका खाऊन दोऱ्यापासून तुटला आणि थेट सेक्रेटरीच्या गाडीवर गेला.

धोंडिरामने माझ्या हातातून बेचकी काढून घेतली आणि डोळ्यांनीच मला बाकाकडे जायला सांगितलं. मी काठी टेकत गेले. गेले, हेच आता आठवतं.

नंदकिशोरने कुणाला काही न विचारता पोलिसांना फोन केला. सणासुदीचा पोलिसांचा मनाईहुकूम सोसायटीच्या फलकावर त्यानेच लावला होता. त्यातल्या बंदीच्या यादीत तलवारी, भाले, सुरे, काठ्या, दगड आणि दगड फेकण्याची साधने, सगळं होतं. गेल्या वर्षी मिरवणुकीतल्या मारामारीनंतर पोलिसांनी धोंडिरामकडून चांगल्या वागणुकीचा बॉण्ड लिहून घेतला होता. पुन्हा नाव आलं की सरळ आत. सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फौजदार बाई एका हवालदाराला घेऊन आल्या. वयाने माझ्या नातीएवढ्या. धोंडिरामने काच आपणच फोडल्याचं सांगितलं. कुणावर नेम धरला होता, असं त्यांनी दोनदा विचारलं. मी बाकावर बसून ऐकत होते. माझ्या मुलाला, राजेशला, कळलं तर काय म्हणेल, हे त्या वेळी माझ्या डोक्यात होतं. हवालदाराने धोंडिरामचा दंड धरला, तेव्हा कुठे मी उठले.

"बेचकी माझी आहे. काच मी फोडली."

नंदकिशोरला हसू आलं. "काकू, त्याला वाचवायला काहीही सांगू नका. काठीशिवाय तुम्हाला जिना उतरवत नाही."

"काकी, गप रवा," धोंडिराम पुटपुटला.

खोटी जबानी दिली तर तुमच्यावरही केस होईल, असं फौजदार बाईंनी मला बजावलं. मी नुसता बेचकीसाठी हात पुढे केला. मग त्यांनी धोंडिरामकडून घेतलेली बेचकी माझ्या हातावर ठेवली.

"मारून दाखवा."

चुकले असते तर धोंडिराम गेलाच होता. त्याच्या पिशवीतला दुसरा गोळा घेऊन मी दोरा बांधला. काठी बाकाला टेकवली. चपला काढून बाजूला केल्या, दोऱ्याचं वेटोळं पायांपासून लांब, सैल पसरलं. रबर गालापर्यंत ओढलं. आधी श्वास सोडायचा, मग गोळा, असं बाबांनी शिकवलं होतं.

गोळा गुलमोहराच्या शेंड्यावरून पलीकडे जाऊन नंदकिशोरच्या पायाशी पडला. दोरा गोळ्यामागून सळसळत गेला.

हवालदाराने धोंडिरामचा दंड सोडला. फौजदार बाईंनी बेचकी कागदात गुंडाळली, वही उघडली आणि माझं नाव, वय, घरनंबर लिहून घेतला. यादीत काठीसुद्धा आहे ना, असं मी विचारलं.

"म्हातारपणी लागते म्हणून काठीला सूट आहे, आजी. बेचकीला नाही. चला."

जीपच्या पायरीवर मी मागे वळले. धोंडिराम तसाच उभा होता.

"बघतोस काय? दोरा निसटायच्या आत वायर बांध."