गायरानावर झाडं

मी संवर्धन आणि जैवविविधता या विषयात एमएस्सी करते, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यात काय शिकवतात, हे कुणालाच माहीत नाही. 'झाडाबिडांचं शिक्षण' म्हणून गावानं विषय मिटवून टाकलाय. माझा प्रबंध मात्र केदारखेड्याजवळच्या आमच्या गायरानातल्या धाविक पक्ष्यावर आहे. हा वेडा पक्षी घरटं न बांधता उघड्या जमिनीवरच अंडी घालतो. त्याला मेंढ्यांनी चरून आखूड केलेलं गवत लागतं. झाडोरा चालत नाही. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आबांच्या मेंढ्या आणि माझा धाविक, दोघंही त्याच माळावर जगतात.

जूनमध्ये सुट्टीला आले, तर गायरानाला तारेचं कुंपण! आत जेसीबीनं ओळीनं खड्डे पाडलेले. मागच्या खेपेला जिथं अंडी पाहिली होती, तिथं मुरमाचा ढीग. मला रडू आलं. राग त्याहून जास्त आला. वर फाटकावर माझ्याच फोटोचं बॅनर: 'पर्यावरणकन्या प्रांजली'.

"तुझ्यामुळंच सुचलं पोरी," सरपंच काकासाहेब म्हणाले. "उद्या पहिलं झाड तुझ्याच हातानं."

"काका, माळाला झाडं न्हाई लागत. गवत राहू द्या. पक्षी जातील, अन् आमच्या मेंढ्या कुठं चरतील?"

ते खो खो हसले. "झाड लावून कुठं नुकसान होतं का? काहीबी शिकून राह्यली तू!"

उद्या माइकवर सगळं बोलायचंच, असं मी ठरवलं. आबांना तसं सांगितलं.

"बिलकुल न्हाई," आबा म्हणाले. "गावाशी वाकडं घेतलं तर मंग मेंढ्या कुणाच्या रानात बसवू? गुमान लाव अन् ये."

त्यांचंही खरं होतं. सुगी झाली की लोकांच्या रानात मेंढ्या बसवायच्या आणि लेंडीखताच्या बदल्यात ज्वारी घ्यायची, त्यावर आमचं घर चालतं. माझं शिक्षणही त्यावरच चाललंय.

दुसऱ्या दिवशी मी करंजाचं रोप लावलं. माती लोटली, पाणी घातलं, फोटोसाठी हसले. मग काकासाहेबांनी माइक घेतला.

"आजपासून या रानात एक बी मेंढी शिरली न्हाई पाहिजे. ही आपल्या प्रांजलीची झाडं हैत!"

टाळ्या वाजल्या. कुंपणाबाहेर कळपाजवळ उभ्या असलेल्या आबांनीही काठी काखेत धरून वाजवल्या.