गोष्टीतलं रडणं

इंग्रजीच्या मॅडमना एक खोड होती. गोष्ट वाचून झाली की त्या वर्गाची फाळणी करायच्या. आज गोष्टीतल्या आईची चूक वाटते त्यांनी खिडकीकडे बसायचं, वाटत नाही त्यांनी भिंतीकडे. तळ्यात-मळ्यात चालायचं नाही.

गोष्ट होती दोन पानांची. एक बाई निजलेल्या बाळाला आत ठेवून, बाहेरून कडी लावून दुकानात जाते आणि परत येते. बस्स.

वर्गातली काकू तडक खिडकीकडे गेली. तिचं स्वतःचं बाळ दात येताना जरा तापलं होतं, त्याला नणंदेपाशी ठेवून ती आली होती. "वहिनी, जा गं निवांत, मी काय खाणार आहे का त्याला?" असं नणंद म्हणाली खरी, पण हिचा जीव टांगणीला. याआधी दोनदा ती तास अर्धा टाकून घरी पळाली होती. "आता पुन्हा गेलीस तर परीक्षेला बसू देणार नाही," मॅडमनी बजावलं होतं.

"बोल," मॅडम म्हणाल्या.

"चूकच आहे! पोर रडून रडून लाल झालंय आणि हिला दुकानदाराशी गप्पा सुचतायत!"

भिंतीकडचा लंबू हसला. ती वयाने थोडी मोठी म्हणून सगळा वर्ग तिला काकू म्हणे. "काकू, बाळ रडलंच नाहीये."

"रडलंय! दुसऱ्या पानावर."

"ओळ दाखव," मॅडम म्हणाल्या.

तिने पान उलटलं, पुन्हा मागे आली. दुकान होतं, गप्पा होत्या. परतल्यावर कडी काढताना बाईचा हात थरथरला होता. आत बाळ गाढ झोपलेलं. रडण्याचा कुठे मागमूस नाही.

"पण मी ऐकलं होतं," ती बोलून गेली. वर्ग खो खो हसला. मॅडम हसल्या नाहीत.

घरून निघाल्यापासून ते रडणं तिच्या कानात होतं. तास टाकून पळाली त्या दोन्ही वेळाही होतं. आणि दोन्ही वेळा, धापा टाकत ती दारात पोचली तेव्हा नणंद ओठांवर बोट ठेवून उभी होती: "हळू! आत्ताच झोपलाय."

"बाजू बदलायची आहे?" मॅडमनी विचारलं.

"नाही. चूक तर वाटतेच. फक्त ते रडणं माझं, ते सोडा."

"मग उरलं काय, काकू?" लंबू म्हणाला.

"हात थरथरला ते. ते लिहिलंय. म्हणजे ती घाबरली होती, चूक तिलाही कळत होती. वाचू ओळ?" आणि तिने ती वाचली. लंबूने आपल्या पुस्तकात ती ओळ शोधली.

पुढचा तास निबंधाचा. मधल्या वेळात कानात ते रडणं पुन्हा सुरू झालंच. असं एका दिवसात थोडंच थांबतं! ती पिशवी उचलून दारापर्यंत गेली. क्षणभर उभी राहिली. मग बाहेरचा गलका आत येत होता म्हणून दार लोटून घेतलं आणि जागेवर येऊन बसली.

"ए लंबू," ती म्हणाली, "निबंध कशावर लिहायचाय रे?"