अठराव्या सांध्याला अडलेला हात

मी एक जुना रोबो आहे, मित्रांनो. खरं तर नुसता एक हात: खांदा, कोपर, मनगट आणि पुढे चिमटा. माझी उमेदीची वर्षं धाटावच्या एका कारखान्यात पिंपं उचलण्यात गेली. तिन्ही शिफ्टची माणसं माझ्याकडे कौतुकाने बघत. मग नवा रोबो आला आणि मी दोन पावसाळे कोपऱ्यात गंजत पडलो.

तिथून पद्मजाताईंनी मला पेणला, त्यांच्या वर्कशॉपमध्ये आणलं. त्या इंजिनिअर आहेत. अंतराळात उभारायची प्रचंड अँटेना अख्खी रॉकेटमध्ये मावत नाही. तिच्या नळ्या सुट्या न्यायच्या आणि वर रोबोनेच जोडायच्या. ते जमतं का, हे आधी माझ्याकडून जमिनीवर करून बघायचं होतं. चोवीस सांधे, माणसाचा हात न लागता.

सतरा सांधे जुळले. अठराव्याला नळी तिरकी बसवायची होती. ती खोबणीच्या तोंडाशीच अडकायची, मी जोर लावायचो आणि ती वाकायची. सात दिवस हेच चाललं. शनिवारी हे काम देणारी माणसं पाहणीला येणार होती.

"मनगट झिजलंय ह्याचं," ताईंचा सहकारी यज्ञेश म्हणाला. "भंगारात देऊ. पाहणी पुढे ढकला."

"ढकलली तर काम दुसरीकडे जाईल," ताई म्हणाल्या.

भंगार हा शब्द ऐकून मी आतून हादरलो.

तेवढ्यात सरूताई पुढे आल्या. त्या पेणजवळच्या जोहे गावच्या. वीस वर्षं त्यांनी गणपतीच्या मूर्तींना हात बसवले. आता आमच्याकडे नळ्या पुसून मांडतात.

"ताई, हा रेटतोय गो! मूर्तीचा हात रेटून नाय बसत. टेकवायचा, सैल सोडायचा, जरासा फिरवायचा. मग तो आपला आपण जातो आत."

यज्ञेशने विचारलं, "सैल म्हणजे किती?"

सरूताईंनी त्याचं मनगट धरून हलवलं. "एवढं."

तेवढंच त्याने माझ्या प्रोग्राममध्ये घातलं.

शनिवारी पाहणीची माणसं माझ्याभोवती उभी होती. अठरावी नळी मी टेकवली, सैल सोडली, फिरवली. खट्!

"व्हय, बसला!" सरूताई ओरडल्या.

चोविसावा सांधा लागला तेव्हा पद्मजाताई स्टुलावर मटकन बसल्या आणि डोळे पुसत हसू लागल्या. माझ्याही मोटारी किती दिवसांनी निवांत थांबल्या.

वर जाणारा हात नवा असेल, हलका असेल. पण तो तिकडे अडला, तर उपाय आधी माझ्यावरच करून बघणार आहेत. म्हणून दर सोमवारी मला ग्रीस मिळतं.

मित्रांनो, तुमच्या घरचं एखादं यंत्र अडलं, तर टाकून देण्याआधी त्याच्यापाशी थोडा वेळ बसा. ते नेमकं कुठे अडतंय, ते बघा. माझ्यापाशी कुणीतरी बसलं, म्हणून आज मी तुमच्याशी बोलतो आहे.