बुधवारची सही

गुरुवारी सकाळी अकरा वाजता गोगलगायीच्या आईचा फोन आला आणि मी छातीठोकपणे सांगितलं, काळजीचं काही कारण नाही. मंगळवारपासून मुलगी फोन उचलत नव्हती. परीक्षा जवळ आली की पोरी फोन बाजूला टाकतात, तिकडे आयांचा जीव टांगणीला लागतो आणि मग सगळ्या जणी माझं डोकं खातात. मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून अठरा वर्षं हेच चाललंय. हजेरीची वही समोर उघडीच होती.

"काल संध्याकाळी खाली गप्पांना आली होती," मी म्हणाले. "सही आहे तिची."

"सही आहे ना? मग ठीक आहे," आई म्हणाली. तिचा आवाज एकदम सैल पडला.

या संध्याकाळच्या गप्पा म्हणजे माझंच लेकरू. मागच्या वर्षी विद्यापीठाने पाहणी केली, तेव्हा निम्म्या मुलींनी लिहिलं होतं की शेजारच्या खोलीत कोण राहतं ते त्यांना माहीत नाही. मला ते झोंबलं. मी रोज सहा वाजता हॉलमध्ये अर्धा तास चहा-बिस्किटं आणि गप्पा सुरू केल्या. कुणी एकटी कुढत बसू नये, एवढाच हेतू. मग वरच्या ऑफिसने हजेरी मागितली, टक्केवारी मागितली, आणि आमचं वसतिगृह पहिलं आलं. कुलगुरूंनी सगळ्यांदेखत कौतुक केलं. तेव्हापासून मला त्या वहीचं वेडच लागलं, खोटं कशाला बोलू?

गोगलगाय हे नाव मुलींनीच ठेवलेलं. पहिलं वर्ष, बत्तीस नंबरची एकटीची खोली, पाठीवर कायम दप्तर आणि कुणी बोललं की मान आत. पोटात पाय मात्र नव्हते बिचारीच्या.

वही मिटता मिटता माझी नजर अडली. सोमवारची तिची सही बारीक, मुंगीच्या पावलांची. मंगळवारची चांगली ऐसपैस. मी एकतीस नंबरच्या दोघींना खाली बोलावलं. त्यातल्या उंच मुलीने लगेच कबूल केलं, मंगळवारची सही तिनेच केली होती.

"झोपली असेल असं वाटलं, मॅडम," ती म्हणाली. "गैरहजेरी लागली की तुम्ही ऑफिसात बोलावता. ती तुम्हाला फार घाबरते."

सोमवारनंतर गोगलगायीला दोघींनीही पाहिलं नव्हतं. मी विचारलं, मग कालची सही कुणी केली? दोघींनाही माहीत नव्हतं. काल त्या प्रयोगशाळेत अडकल्या होत्या, गप्पांना आल्याच नव्हत्या.

वहीत मात्र त्या दोघींच्याही सह्या होत्या.

तेव्हा मला आठवलं. काल साडेसहाला महिन्याचा अहवाल पाठवायचा होता आणि बुधवारच्या रकान्यात अकरा घरं रिकामी होती. असतील पोरी वर कुठेतरी, असं म्हणून मी पेन काढलं होतं आणि नावं न वाचता अकराही घरं भरून टाकली होती.

दोन जिने मी कशी चढले, आठवत नाही. बत्तीस नंबरला आतून कडी होती. दार वाजवलं, हाका मारल्या. फोन लावला, तर तो आत वाजत राहिला. पहारेकरी काकांनी सुताराला आणलं. तो पेचकसाने बिजागरीचा एकेक स्क्रू सैल करत होता आणि मला वाटत होतं, हे दार कधी उघडूच नये. आत काय दिसेल याची एवढी भीती मला जन्मात वाटली नव्हती.

ती पलंगाखाली जमिनीवर पडली होती. अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ फुटलेले, पाण्याची बाटली हाताला लागणार नाही इतकी लांब. श्वास चालू होता.

रुग्णालयात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, आणखी एक रात्र गेली असती तर त्यांच्याही हातात काही राहिलं नसतं. आता वाट बघायची. दुपारी चारला तिची आई पोहोचली. काचेतून लेकीला बघितलं आणि येऊन माझे दोन्ही हात धरले.

"तुमचं लक्ष होतं, बाई, म्हणून पोर सापडली."

गप्प बसले असते तर कुणाला कळणार नव्हतं. त्या कौतुकाने मला जमीन दुभंगावीशी वाटली. मी पर्समधून वही काढली, बुधवारचं पान उघडून तिच्यापुढे धरलं आणि म्हणाले, "ही सही मी केली आहे."

ती रागावेल, हात उगारेल, असं वाटलं होतं. ती त्या रकान्यावरून बोट फिरवत खाली गेली. एका घरापाशी थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. अक्षर लपत नव्हतं.

"आणि या बाकीच्या पोरी?" तिने विचारलं. "त्यांना कुणी पाहिलंय?"

एकतीस नंबरच्या दोघी सोडल्या तर आठ उरत होत्या. सकाळपासून मला त्यांची आठवणसुद्धा झाली नव्हती. मी काकांना फोन लावला. घाईत नंबर दोनदा चुकला. आठ खोल्या वाचून दाखवल्या आणि सांगितलं, दार उघडून मुलगी समोर दिसेपर्यंत तिथून हलायचं नाही.

आई माझ्या शेजारी बसली. मी फोन चालूच ठेवला. पलीकडे काकांनी पहिलं दार वाजवलं.