तापाचं तोंड

अंबादास मास्तरांकडे एक वही होती. घरीच दोऱ्याने शिवलेली, सदऱ्याच्या खिशात मावेल एवढी. तिच्यात रोज एक चित्र काढायचं, असा त्यांचा नेम होता. पूर्ण माणूस क्वचितच असायचा. कधी नुसता कान, कधी भेगाळलेली टाच, कधी बिडी वळणारी दोन बोटं. आणि खाली बारीक अक्षरात त्या वस्तूचा धनी लिहिलेला: 'कान, स्टेशनवरचा तांगेवाला.' 'टाच, भाजीवाली.' शाळेत चित्रकलेच्या तासाला ते मुलांना सांगत, "नाक मनातून काढू नका रे पोरांनो. मनात एकच नाक असते, अन् तेच आपण सगळ्या जगाले लावत बसतो. बाहेर जा, ज्याचं आवडलं त्याचं उचला. पण कोणाचं उचललं ते लिहून ठेवा."

हिंदी मुलखातल्या गोहलपुरात त्यांच्या गल्लीत नागपूर-वर्ध्याकडून आलेली पंधरा-वीस मराठी घरं होती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही गल्ली आपला एक बडग्या काढी. बडग्या म्हणजे बांबू, पेंढा आणि कागद यांचा पुरुषभर उंचीचा बाहुला. वर्षभर ज्याने छळलं त्याचं सोंग त्याला द्यायचं, वाजतगाजत मिरवायचं आणि तलावाकाठी जाळायचं. पीडा त्याच्याबरोबर जाते. मात्र एकदा काडी लावली की सगळ्यांनी पाठ फिरवायची आणि मागे न बघता घर गाठायचं. जो वळून बघेल त्याच्या मागे पीडा परत येते, असं जुनी माणसं सांगत आणि नवी माणसं हसत हसत पाळत.

ते साल एकोणीसशे बत्तीसचं. हिवतापाने घराघरांत अंथरुणं पसरली होती. गल्लीतले वडीलधारे विष्णुपंत मास्तरांना म्हणाले, "औंदा बडग्या तापाचा करा. अन् असा करा, का पाहूनच हुडहुडी भरली पाहिजे."

आता तापाला तोंड कुठून आणायचं? मास्तर वही घेऊन हिंडले. पोत्याखाली कुडकुडणाऱ्या एका हमालाचे गुडघे उचलले. फुटक्या माठाच्या कडेवरून ओठ घेतले. कोंबडीच्या पायाची खरबरीत साल मानेसाठी बरी वाटली. सुटे भाग जमले, पण तोंड जमेना. चार दिवस कागदाच्या लगद्यात हात घालून ते नुसते बसत. मग एका सकाळी गल्लीतून सायकलची घंटी वाजत गेली, तेव्हा त्यांची बोटं आपोआप हलायला लागली. तासाभरात तोंड उभं राहिलं. बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. शेजारची लहानगी शकु तर रडतच घरी पळाली. मास्तर खूश झाले. पावसाळी हवेत लगदा वाळेना, म्हणून त्यांनी ते तोंड तीन दिवस चुलीच्या धगीला ठेवून खडखडीत वाळवलं, रंगवलं आणि धडावर घट्ट बांधलं.

मिरवणुकीच्या दिवशी सकाळी त्यांची बायको भानुमती अंगणात सडा घालायला आली. उजेड बडग्याच्या तोंडावर पडला होता. तिच्या हातातला तांब्या खाली पडला.

"अहो, इकडे या. आधी इकडे या!"

"काहून ओरडून राहिली?"

"हा ताप कोणाचा काढला तुम्ही?"

"कोणाचा म्हणजे? तापाचा."

"त्या डाव्या डोळ्याची पापणी पाहा. अर्धी पडलेली. अन् ओठाचा तो कोपरा, वास आल्यासारखा वर गेलेला. आता तरी दिसला का?"

मास्तरांना दिसला, आणि पायाखालची जमीन सरकली. बडग्याच्या धडावर पोलीस ठाण्याचे फौजदार, दरोगासाहेब, उभे होते.

दरोगा रोज सकाळी आठला सायकलवरून गल्लीतून जात. प्रत्येक दारापुढे एकदा घंटी वाजवत. दोन महिन्यांपूर्वी ती घंटी तिसऱ्या घरापुढे थांबली आणि छापखान्यात खिळे जुळवणारा रामकृष्ण त्यांच्याबरोबर गेला. भिंतीवर सरकारविरुद्धचा एक कागद चिकटवला, एवढीच त्याची गोष्ट. तो अजून परतला नव्हता. त्याची म्हातारी आई रोज डबा घेऊन तुरुंगाच्या दारात जाई आणि बऱ्याचदा तसाच परत आणी. आणि मास्तर तर सरकारी शाळेतले नोकर. दरोग्याचं तोंड करून ते गावभर मिरवायचं, वर जाळायचं!

"पण म्या तर त्यांचं चित्र कधी काढलंच नाही," मास्तर पुटपुटले. त्यांनी वही चाळली. तांगेवाला होता, भाजीवाली होती, पोस्टमनची मान होती. दरोगा कुठेच नव्हता. कसा असणार? घंटी वाजली की मास्तरांची नजर खाली जाई. दरोगा आल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांनी त्या माणसाकडे सरळ म्हणून पाहिलं नव्हतं. जे डोळ्यांनी बघायचं टाळलं, ते बोटांनी गुपचूप साठवून ठेवलं होतं.

तेवढ्यात नथ्थू गवळी दूध घालायला आत आला. त्याने बडग्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, आणि खो खो हसत सुटला. "वाह मास्टरजी! बड़े साहब को बुखार बना डाला? पूरा शहर देखेगा!"

"नथ्थू भैया, हळू. तुमाले हात जोडते," भानुमती म्हणाली.

"अरे भौजी, मैं किसी से काहे को कहूँगा?" असं म्हणून तो गेला, आणि पुढच्याच दारात त्याचं हसणं पुन्हा ऐकू आलं.

त्याच्यामागून विष्णुपंत आले ते निरोप घेऊनच. "मास्तर, मिरवणुकीच्या परवान्याचं काम आहे. दरोगासाहेब बारा वाजता स्वतः बडग्या पाहून जाणार. तयार आहे ना?"

"आहे," मास्तर म्हणाले.

नऊ वाजले होते. हातात तीन तास. तोंड उपटावं तर बांबूचा सांगाडाच मोडला असता. तेव्हा वरून ओला लगदा चढवून बदलायचं ठरलं. भानुमतीने लगबगीने कागद भिजवला, चिकटपणासाठी मेथी वाटून त्यात कालवली. मास्तरांनी आधी मिशा खरवडून काढल्या. दरोगा मिशा काढलेला दिसायला लागला. गाल फुगवले, तर तो रागावला. पडलेली पापणी उचलली, तर तो टक लावून पाहायला लागला, आणि ते सगळ्यात वाईट होतं. मग मास्तरांनी वहीतून पोस्टमनचं नाक लावलं, तांगेवाल्याचे कान लावले. ते तोंड कोणाचंच राहिलं नाही, एखाद्या भोपळ्याला कोणी नाक-कान डकवावेत तसं दिसायला लागलं.

"राहू द्या ना असंच," भानुमती म्हणाली. "भोपळा तर भोपळा."

"अगं, भोपळ्याच्या आडून तोच पाहून राहिला ना. तुला नाही दिसत?"

तिला दिसत होतं. तिने आणखी कागद भिजवला.

साडेदहा वाजले. हात धुवायला म्हणून मास्तर पितळी घागरीवर वाकले आणि तिथेच थबकले. घागरीच्या पोटात एक तोंड होतं. बुबुळं वर चढलेली, ओठ कोरडे, कपाळावर घामाचे थेंब, गालाची हाडं वर आलेली. दात एकमेकांवर वाजत होते. चार दिवस गावभर जे शोधलं, ते सगळं इथे एकत्र होतं. मास्तरांनी घागर उचलून बडग्यासमोर ठेवली. एकदा घागरीत बघत, एकदा लगद्यात बोटं रुतवत.

भानुमती थोडा वेळ बघत राहिली. मग तिला कळलं, तशी ती पुढे धावली आणि तिने त्यांचं मनगट धरलं. "हे काय करून राहिले? स्वतःचं तोंड? त्याले जाळतात संध्याकाळी! जित्या माणसाचं तोंड कोणी आगीत देते का?"

"दुसरं तोंड नाही माझ्यापाशी."

"मग माझं घ्या."

मास्तरांनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच म्हणत होती. त्यांनी हळूच मनगट सोडवलं आणि काम पुढे सुरू केलं. ती पदर तोंडाशी धरून, लगदा पुरवत राहिली.

बाराला घंटी वाजली आणि दारापुढे थांबली.

दरोगासाहेब अंगणात आले. बडग्याभोवती एक फेरी घातली. मग समोर उभे राहून कितीतरी वेळ बघत राहिले. मास्तर त्यांच्या बुटांकडे पाहत होते.

"मास्टर, यह तो आप हैं।"

"जी साहब."

"सुना था कोई और है।" त्यांनी बोट पुढे करून बडग्याच्या गालावर टेकवलं. गाल दबला. "गीला है अभी। क्यों?"

मास्तर अजून बुटांकडेच पाहत होते. भानुमती दाराआडून बोलली, "बरसात है साहब. कुछ सूखता ही नहीं. कपड़े भी नहीं सूखते."

दरोगा हसले नाहीत. रुमालाला बोट पुसून म्हणाले, "इजाज़त है। जलाते वक्त मैं वहाँ रहूँगा। जब तक राख न हो जाए।"

चार वाजता मिरवणूक निघाली. डफ वाजत होते, पोरं बेंबीच्या देठापासून ओरडत होती, "इडा पिडा, खोकला ताप, घेऊन जा रे बडग्या!" लोक बडग्याकडे बघत, मग मास्तरांकडे, आणि हसून म्हणत, "काय मास्तर, स्वतःलेच काढलं का?" मास्तर मान हलवत. खांद्यावरून चाललेलं आपलं तोंड त्यांना अंत्ययात्रेसारखं वाटत होतं. भानुमतीने त्यांच्या मनगटाला काळा दोरा बांधला होता. तिच्यासाठी त्यांनी तो राहू दिला होता.

तलावाकाठी विष्णुपंतांनी काडी ओढली. पेंढ्याने पेट घेतला. "चला, चला! वळायचं नाही कोणी!" सगळी गल्ली पाठमोरी झाली, पोरांना पुढे घालून डफ परतीला लागले. भानुमतीने त्यांची बाही ओढली, पण मास्तरांचे पाय हलेनात. आपलं तोंड जळताना सोडून कसं जायचं? ती दोन पावलं पुढे जाऊन त्यांच्याकडे पाठ करून थांबली.

पलीकडे दरोगासाहेब सायकल धरून उभे होते. त्यांना ही रीत ठाऊक नव्हती, आणि असती तरी त्यांना राख बघायची होती.

आग छातीपर्यंत चढली. तोंडातून वाफ निघायला लागली. आणि मास्तरांच्या तेव्हा ध्यानात आलं की आपण काय करून बसलो. खालचं तोंड तीन दिवस वाळलेलं, वरचं ओलं. ओला लगदा सुक्याला धरून राहत नाही, हे ते शाळेतल्या पोरांना दरवर्षी शिकवत. वरचा गाल सुटला. मग कपाळ. मास्तरांचं भ्यालेलं तोंड मातीच्या ढेकळासारखं अलगद खाली पडलं, आणि ज्वाळांच्या मधोमध अर्ध्या पापणीचा तो दुसरा ताप डोळे उघडून उभा राहिला.

आता शिट्टी. आता हात खांद्यावर. रामकृष्णाच्या आईचा डबा त्यांच्या डोळ्यांपुढे आला, फक्त तो डबा भानुमतीच्या हातात होता. आणि मग, तीन वर्षांत पहिल्यांदा, त्यांनी मान वर करून त्या माणसाकडे सरळ पाहिलं.

दरोगा आगीकडे पाहत होते. त्यांचा जबडा खाली आला होता. पडलेली पापणी फडफडत होती आणि सायकलची मूठ धरलेली बोटं पांढरी पडली होती. स्वतःला जळताना बघणाऱ्या माणसाचं तोंड कसं होतं, ते मास्तरांना सकाळपासून ठाऊक होतं. हे तेच होतं. त्यातली एकही रेष वेगळी नव्हती.

मग बांबू फुटला आणि तोंड आगीत कोसळलं.

दरोगांनी इकडेतिकडे पाहिलं. गल्ली पाठमोरी, दूर गेलेली. एक बाई, तीही पाठमोरी. राहिले फक्त मास्तर.

"आपने क्या देखा, मास्टर?" आवाज कोरडा होता.

"कुछ नहीं साहब. हमारे यहाँ मुड़कर नहीं देखते."

दरोगा थोडा वेळ त्यांना निरखत राहिले. मग राख व्हायची वाट न बघता सायकलवर बसले आणि निघून गेले.

घरी आल्यावर भानुमतीने त्यांच्या पायांवर पाणी घातलं, दोन्ही हातांनी त्यांचं तोंड चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "आहे जागेवर."

रात्री त्यांना थंडी वाजली, पण ताप नव्हता.

सकाळी ते वही घेऊन खिडकीशी बसले. जबडा काढला, सायकलच्या मुठीवरची बोटं काढली, एक डोळा काढला. खाली धनी लिहायला पेन्सिल टेकवली आणि तशीच धरून बसले. आठ वाजले. घंटी गल्लीच्या तोंडाशी वाजली. पहिल्या दारापुढे, दुसऱ्या, तिसऱ्या. मास्तरांनी वही मिटली नाही. आतून भानुमतीची भांडी वाजायची थांबली.

त्यांच्या दारापुढे घंटी वाजली नाही. नुसती चाकं गेली, जरा घाईने.

मास्तरांनी नावाची जागा कोरी ठेवली आणि दुसरा डोळा काढायला घेतला.